रॅम्पवरची रांगोळी

"इंदुमतीताई, तुम्ही फक्त बसायचं. ढकलायला आपला माणूस आहे."

केतकी मॅडम नव्याकोऱ्या व्हीलचेअरच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. खुर्चीच्या गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, पण दोन्ही हातांना झेंडूच्या माळा मात्र गुंडाळून झाल्या होत्या.

"मी चालते की," मी म्हटलं.

"हो, ते माहितीये मला. पण..." त्यांनी फोटोग्राफरकडं पाहिलं. "साडीमुळे तुमच्या पायांचे कॅलिपर दिसत नाहीत ना. खुर्चीत बसलात की फोटोत लगेच कळतं."

"काय कळतं?"

"म्हणजे... तुम्ही कोण आहात ते."

"मी इंदुमती लोहार. स्टँडसमोर दुकान आहे माझं. तसं कळायला पाटी लावलीय त्याच्यावर."

मॅडम हसल्या. पोरगी वाईट नव्हती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, सुती साडी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पुण्याहून पहाटे निघून आली होती आणि डोळ्यांत झोप होती. नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करायचा कायदा तेव्हा नवानवा आला होता, त्यामुळं कंपन्या चांगली कामं शोधत गावोगाव फिरत होत्या. आमच्या एमआयडीसीत गिअरबॉक्स बनवणाऱ्या या कंपनीला आमच्या गावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल सापडलं. 'दार सर्वांसाठी' अशी योजना निघाली. रॅम्प झाला, कठडे झाले, आंधळ्यांसाठी ठिपक्यांच्या पाट्या लागल्या, बोलणारी लिफ्ट आली. बायकांची ओपीडी नव्यानं रंगवली. आणि तिची फीत कापायला 'एक विशेष व्यक्ती' हवी होती. सेहेचाळीस वर्षांत मला विशेष असं कुणी म्हटलं नव्हतं, लंगडी मात्र रोज म्हणत.

माझं नाव सुचवलं रूथ सिस्टरनं. ती त्याच ओपीडीत होती आणि माझ्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. अपंगांच्या कोट्यातून मला टेलिफोन बूथ मिळाला तेव्हापासूनची आमची ओळख. पुढं बूथ गेले, मी मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स सुरू केलं, पण सिस्टर ड्यूटी संपल्यावर चहाला यायची थांबली नाही.

"इंदे, येशील का गं? नुसती कात्री चालवायची," ती म्हणाली होती.

"येते," मी लगेच म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. असल्या हारतुऱ्यांचा मला किती तिटकारा आहे ते तिला ठाऊक होतं. "एवढ्या लवकर हो म्हणालीस?"

"तू बोलावलंस म्हणून."

खरं कारण मी तिलाही सांगितलं नाही.

दिवाळीपासून माझ्या अंगावरून जात होतं. पाळीचं नव्हे. थांबायचं, मला वाटायचं गेलं एकदाचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. दुकानात बसल्या बसल्या भोवळ यायची. एकदा दाखवायला गेलेही होते. बायकांच्या ओपीडीतलं ते तपासायचं लोखंडी टेबल माझ्या छातीला लागत होतं. खाली एक लोखंडी पायरी. धडधाकट बाई पायरीवर पाय ठेवते, वळते, बसते. माझे दोन्ही पाय कंबरेपासून पट्ट्यांत, पायरी चढायची कशी? मग दोन वॉर्डबॉयना हाक गेली. एकानं काखेत हात घातले, एकानं गुडघ्याखाली. लुगडं वर गेलं, कॅलिपरची कडी टेबलाच्या कडेला अडकली, मी घसरायला लागले आणि ओरडले. डॉक्टर सबनीस मॅडम लांबूनच म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. पुढच्या वेळी घरचं माणूस घेऊन या." झालं तपासून.

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डबॉयांतला एक, बंडू, दुकानात रिचार्जला आला. "ताई," म्हणाला, "वजन वाढलंय तुमचं."

मी त्याचा रिचार्ज मारला. पण त्या टेबलाकडं पुन्हा गेले नाही.

तर असं ते सगळं पोटात घेऊन मी रॅम्पच्या तोंडाशी उभी होते. व्हीलचेअरवर बसायला मी नकार दिला होता आणि केतकी मॅडमनी शेवटी "बरं, चालत या, पण सावकाश, म्हणजे फोटो मिळेल" एवढ्यावर तडजोड केली होती. वर दाराशी ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब मोरबाळे, त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब, पुण्याहून आलेले कंपनीचे मोठे साहेब, पेपरवाले, महिला मंडळ. डॉक्टर सबनीस मॅडम रेशमी साडीत, केसांत गजरा.

मी रॅम्पकडं बघितलं आणि थांबले.

रॅम्प काळ्या ग्रॅनाइटचा होता. त्यात बघून भांग पाडून घ्यावा असा चकचकीत. आणि त्याच्यावर खालपासून वरपर्यंत रांगोळी. कमळं, मोर, मधोमध 'सुस्वागतम्'. रांगोळीवर गुलाबाच्या पाकळ्या. पाकळ्या ताज्या राहाव्यात म्हणून वरून पाणी शिंपडलेलं.

"या, इंदूबाई, या!" भाऊसाहेब वरून म्हणाले.

"रांगोळी पुसा," मी म्हटलं.

"काय?"

"रांगोळी पुसा म्हणतीय. कुबडी घसरणार."

वरती कुजबुज झाली. वहिनीसाहेब दोन पावलं पुढं आल्या. "अगं, पहाटेपास्नं आमच्या बायका बसल्यात काढायला. आणि उद्घाटनाआधी रांगोळी पुसायची? शुभ असतंय का ते?"

"आणि उद्घाटनालाच बाई तोंडावर आपटली तर ते शुभ का, वहिनीसाहेब?"

महिला मंडळातलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काठाकाठानं या की," भाऊसाहेब म्हणाले. "कठडा केलाय चांगला स्टीलचा."

"कठडा धरू का कुबड्या धरू? हात दोनच आहेत."

"म्हणून तर खुर्ची म्हणत होतो!"

"खुर्चीची चाकंबी ह्याच्यावरनंच जाणार की. का ती उडत जाणार?"

मोठ्या साहेबांनी केतकी मॅडमकडं बघितलं. मॅडमचा चेहरा उतरला. तेवढ्यात रूथ सिस्टर कुठूनशी दोन गोणपाटं घेऊन आली. पदर खोचला, खराटा मारला आणि मोर, कमळं, सुस्वागतम् सगळं एका बाजूला लोटून दिलं. गोणपाटाचं एक टोक तिनं धरलं, दुसरं धरायला कोणी पुढं येईना. मग केतकी मॅडमच वाकल्या. पायघड्या पडल्या गोणपाटाच्या, आणि त्याच्यावरून मी वर गेले. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. गोणपाट बहुतेक त्याला फोटोत नको होतं.

वर पोचले तेव्हा मला धाप लागली होती. भाऊसाहेबांनी कात्रीचं ताट पुढं केलं आणि दातांवर दात ठेवून हसत हळूच म्हणाले, "झालं समाधान?"

"अजून न्हाई," मी म्हटलं.

फीत कापली. टाळ्या झाल्या. दार उघडलं. आत भिंती गुलाबी रंगवलेल्या, नवा पंखा, नवे पडदे, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. आणि मधोमध तेच टेबल. त्याला नवा पांढरा रंग दिला होता आणि पायाला कंपनीचा स्टिकर चिकटवला होता. खाली तीच लोखंडी पायरी, तिलाही रंग. घोडं पेंड कुठं खातं ते मला बाहेरूनच माहीत होतं, तरी बघून अंगाचा तिळपापड झाला.

"आता ताई दोन शब्द बोलतील," केतकी मॅडमनी माइक माझ्या तोंडापुढं धरला. माझे हात कुबड्यांत होते ना. दोन शब्द त्यांनीच आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवले होते. 'कंपनीमुळे माझ्या आयुष्यात नवी पहाट झाली' असं म्हणायचं होतं. मी गेली वीस वर्षं पहाटे पाचलाच उठते, त्यात कंपनीचा काही हात नाही.

"दिवाळीपास्नं माझ्या अंगावरून लाल जातंय," मी म्हटलं.

माइक चांगला होता. खालच्या मांडवात बसलेल्यांनाही ऐकू गेलं.

पुरुष मंडळी एकदम नव्या पंख्याकडं बघायला लागली. वहिनीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. एक पेपरवाला लिहीत होता, त्याचं पेन थांबलं.

"थांबत न्हाई ते. भोवळ येती. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय काय झालंय ते कळणार न्हाई, आणि डॉक्टरांनी बघायचं तर मला त्या टेबलावर चढायला पायजे. तुमच्या रॅम्पनं मला दारापर्यंत आणलं. चांगलं केलंत. आता दारापासनं त्या टेबलावर कोण न्हेणार?"

"इंदूबाई, हे काय बोलायचं ठिकाण आहे का?" भाऊसाहेब म्हणाले.

"दवाखान्यात न्हाई बोलायचं तर कुठं, देवळात बोलायचं?"

"अहो, वॉर्डबॉय कशाला ठेवलेत? बंड्या! ये रे इकडं."

बंडू गर्दीतून पुढं आला. इस्त्रीचा गणवेश, कपाळाला गंध.

"बंडू, तिथंच थांब," मी म्हटलं. तो थांबला. मी भाऊसाहेबांकडं वळले. "एक विचारते. वहिनीसाहेबांना तपासायचं असलं तर त्यांनाबी बंडूच उचलतो का, लुगड्यात हात घालून?"

भाऊसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "तोंड सांभाळून बोला!"

"मी तोंड सांभाळत बसले म्हणून तर एवढं झालं."

मोठे साहेब पुढं आले. आवाज मऊ, अगदी समजूतदार. "ताई, तुमची भावना आम्ही समजू शकतो. तुम्ही उद्या शांतपणे या. आम्ही इथे सांगून ठेवतो. तुमची वेगळी व्यवस्था करायला लावू."

"साहेब, तुमी आज पुण्याला जाणार. हे पेपरवाले जाणार. उद्या ह्या खोलीत मी असणार आणि बंडू असणार. म्हणून तर आज आले. एरवी मला फीत कापायची काय हौस होती?"

रूथ सिस्टरनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. तिच्या लक्षात आलं.

दाराशी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. मी ती कुबडीनं ओढली, नेमकी उंबऱ्यावर, आणि बसले. बसताना कॅलिपरच्या कड्या सोडाव्या लागतात. खाड, खाड, असा आवाज झाला. "मला तपासल्याशिवाय मी हितनं उठणार न्हाई," मी सांगितलं. आत जायचं तर आधी मला उचलून बाजूला करावं लागलं असतं, आणि उचलायची आता कुणाची छाती होईना.

मी धिटाईनं बसले होते खरी, पण पुढचं मला दिसत होतं. सगळ्या गावासमोर बोलून बसले होते. त्यातून तपासलंच नाही तर उद्यापासून दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या लुगड्याकडं बघत रिचार्ज मागणार होतं.

भाऊसाहेब कोणाला तरी फोन लावत होते. मग डॉक्टर सबनीस मॅडम म्हणाल्या, "सगळे पुरुष बाहेर व्हा."

"डॉक्टर, अहो जेवणं खोळंबलीत," भाऊसाहेब म्हणाले.

"मग जेवून घ्या."

"मॅडम, कार्यक्रम—"

"भाऊसाहेब, माझा पेशंट दारात बसलाय. मला काम आहे."

इतक्या वर्षांत त्या बाईला कोणी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. पुरुष गेले, फोटोग्राफर गेला. महिला मंडळाला जायचं नव्हतं, त्यांना रूथ सिस्टरनं घालवलं.

"रूथ, तुमच्या खोलीतला दिवाण किती उंच आहे?" मॅडमनी विचारलं.

"खुर्चीएवढाच, मॅडम."

"आणा."

दिवाण सागवानी होता. रूथ सिस्टरनं एक बाजू उचलली, दुसऱ्या बाजूला पुन्हा केतकी मॅडम. चपला काढून ठेवून, गळ्यातलं ओळखपत्र पाठीवर टाकून. सिस्टरनं माझी खुर्ची आत ओढली, दिवाण तिच्या शेजारी लावला आणि दार लावून घेतलं. त्याच्यावर स्वच्छ चादर पडली. मी खुर्चीतून हातांवर जोर दिला, सरकले आणि बसले. बस, एवढंच होतं ते. एवढ्यासाठी दिवाळीपासून मी रक्त घालवत होते.

डॉक्टर सबनीसांनी पदर कमरेला खोचला, हात धुतले आणि चक्क जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. रेशमी साडी फरशीवर. मग म्हणाल्या, "पाय कसा धरू तुमचा? कुठं दुखतं?"

भाषणात मला रडू आलं नव्हतं, भाऊसाहेब ओरडले तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा आलं. माझे पाय लहानपणापासून डॉक्टरांनी धरले, मांत्रिकांनी धरले, वॉर्डबॉयनी धरले. कसा धरू म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

"धरू नका," मी म्हटलं. "मी ठेवते तसा राहू द्या."

उजेड कमी पडत होता. केतकी मॅडमनी दिवा धरला. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाल्या, "दिवा हलतोय."

"सॉरी," केतकी मॅडम म्हणाल्या. रडत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही सगळं विचारलं होतं हो. रॅम्पचा उतार, पाट्यांची उंची, रंगसुद्धा. टेबलाचं कुणी बोललंच नाही."

"तिथं फोटो काढत न्हाईत म्हणून," मी म्हटलं. पोरीनं दिवा दोन्ही हातांनी धरला. मला जरा वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग माझ्याकडं न बघता हात धुतले, आणि मला कळलं. बाहेर मांडवात पंगत बसली होती, मसालेभाताचा वास येत होता.

"सोनोग्राफी आजच करू," त्या म्हणाल्या. "आणि तुकडा तपासायला पाठवावा लागेल. मी मागेच... मी तेव्हा तुम्हाला परत पाठवायला नको होतं."

"होय. नको होतं," मी म्हटलं. 'असू दे मॅडम' म्हणायची सवय असते आपल्याला. मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'उद्घाटन समारंभात महिलेचा गोंधळ' अशी बातमी आली. माझा थोरला भाऊ घरी येऊन ओरडला, "साऱ्या गावासमोर असलं बोलतात होय? लाज न्हाई का?"

"लाज होती की," मी म्हटलं. "दिवाळीपास्नं नुसती लाजच धरून बसले होते."

गर्भाशयात गाठ होती, आणि गाठीत नको ते सुरू झालं होतं. मिरजेला ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. तिथले डॉक्टर म्हणाले, एवढा पावसाळा तसाच काढला असता तर आमच्याही हातात काही राहिलं नसतं. ते ऐकलं तेव्हा मला भाऊसाहेब नव्हे, सबनीस मॅडम नव्हे, 'उद्या या' म्हणणारा तो मऊ आवाज आठवला. मऊ बोलण्यानंच माणूस परत घरी जातो.

मी दुकानात बसायला लागल्यावर केतकी मॅडमचा फोन आला. "ताई, टेबल मंजूर झालं. पायानं दाबलं की खाली येतं, पार खुर्चीएवढं. मी भांडले." मग म्हणाल्या, "साहेब विचारतायत, छोटासा कार्यक्रम केला तर तुम्ही याल का?"

"येते. पण फीत नको, हार नको, पुरुष नको. आणि तुमी नुसत्या बघायला नाही यायचं. तालुक्यातल्या अपंग बायकांना आणायला गाडी घेऊन यायचं."

आणि ती पोरगी खरंच गाडी घेऊन आली. दोन दिवस ती आणि रूथ सिस्टर वाड्यावस्त्या फिरत होत्या. ज्या दिवशी टेबल लागलं त्या दिवशी ओपीडीच्या व्हरांड्यात इतक्या बायका होत्या की मला धक्काच बसला. एवढी वर्षं मी याच गावात राहते, यांतल्या निम्म्या मी कधी पाहिल्याही नव्हत्या. घराबाहेरच पडल्या नव्हत्या त्या. कोणी तीनचाकी सायकलवर, कोणी सुनेच्या आधारानं. कोणाला काय होतंय ते विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "काय न्हाई, नुसतं बघायला आले."

आत आम्ही सहा-सात जणी शिरलो, दार लावलं. सबनीस मॅडम म्हणाल्या, "पहिलं कोण?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. "माझं झालंय," मी म्हटलं.

तेव्हा खालून आवाज आला, "मी."

गोजराबाई. गोरेवस्तीची म्हातारी, सत्तरीची. लहानपणीच पाय गेलेले. हाताखाली लाकडी ठोकळे घेऊन जमिनीवरून सरकत चालायची. पाच लेकरं झाली होती तिला, सगळी घरात, सुइणीच्या हातून. डॉक्टरनं तिला आजवर शिवलं नव्हतं.

रूथ सिस्टरनं पॅडल दाबलं. टेबल आवाज न करता खाली आलं. शेजारी एक पाट ठेवला. गोजराबाईनं ठोकळे बाजूला ठेवले, पाटावर चढली, टेबलाची कड धरली आणि एका हिसक्यात वर बसली. कोणाचा हात घेतला नाही. पदर सारखा केला.

"आजी, आता वर घेते हं," सिस्टर म्हणाली. "घाबरू नका."

टेबल चढायला लागलं. म्हातारीनं कड घट्ट धरली होती. ती आमच्या कमरेशी आली, मग छातीशी, मग तिचं तोंड आमच्या तोंडासमोर आलं, आणि मग वर गेलं. टेबल थांबलं. गोजराबाईनं डॉक्टरांच्या भांगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खिडकीतून बाहेरच्या व्हरांड्याकडं, तिथं बसलेल्या बायकांकडं बघितलं. बराच वेळ.

"आजी, झोपा आता. तपासायला खाली घेऊ का जरा?" डॉक्टर म्हणाल्या.

"थांब गं बाय," गोजराबाई म्हणाली. "सत्तर वर्सं समद्यांच्या गुडघ्याएवढीच दुनिया बघितली म्या. एवढ्यात खाली घिऊ नगंस."